तिमाही माहिती

जिल्हा कार्यालयाचा फॉर्म आला आहे.
उद्योगाचा प्रकार: यंत्रसामग्री निर्मिती.
मी लिहिते, कापसाचे रेचे, डाळमिलच्या चाळण्या,
यंदापासून सोयाबीनच्या मळणीयंत्राचे ड्रम.
रकान्यात एवढं मावत नाही.
‘इतर’वर खूण करते.

तिमाहीच्या शेवटच्या दिवशी कामगार किती?
शेवटचा दिवस बाजाराचा निघाला.
कोण आलं, कोण आलं नाही,
मला फाटकाच्या कुरकुरीवरून कळतं.
पण त्यांना आवाज नको, आकडा हवा.

मी आर्वीच्या या एमआयडीसीत लागले
तेव्हा हजेरीची दोन पुस्तकं होती.
एकशे अठ्ठेचाळीस नावं.
लेथवर रहेमतुल्ला मिस्त्री,
शाफ्टवरून अंगठा फिरवून म्हणायचा,
‘एक केस जाड हाये बाई’,
आणि मग कॅलिपर काढायचा, माझी खात्री पटावी म्हणून.
भट्टीवर कवडू नागोसे.
त्याला भुवया नव्हत्या.
पगाराच्या दिवशी त्याच्या अंगठ्याची काळी वाळू
माझ्या पानावर सांडायची,
मी फुंकर मारून पुढचं नाव घ्यायची.

कोणालाही काढलं नाही.
हे नीट सांगायला हवं, कारण बाहेर वेगळं बोलतात.
एक निवृत्त झाला, जागा भरली नाही.
एक लिव्हरनं गेला, त्याचं स्टूल वेल्डिंगवाल्यांनी नेलं.
दोघं भाऊ पुण्याला चाकणला गेले, दिवाळीला आले,
फाटकाबाहेरच बोलून परत गेले.
भट्टी एका सोमवारी पेटली नाही,
मंगळवारी मालकानं सांगितलं, आता ओतीव माल राजकोटहून येईल.
येतो. ट्रकनं, रात्री.
कवडू तो उतरवतो, ठेकेदाराकडून.
प्रत्येक नगावर बोटाचं पेर वाजवतो आणि
स्वतःशीच म्हणतो, ‘वाळू ओली होती लेकाची.’

ठेकेदाराचे बावीस माझ्या पुस्तकात नाहीत.
कापसाचा हंगाम तोंडावर आला की येतात,
दसऱ्यानंतर विरळ होतात.
त्यांचा फक्त आकडा येतो, मोबाईलवर.
कवडू त्या आकड्यात कुठेतरी आहे.

काचेच्या दाराआड नवी मशीन चालते.
तिच्यापुढे प्रणोती भोयर, आयटीआय पास, वय एकोणीस,
खरांगण्याहून पावणेसातच्या एसटीनं येते,
डबा मशीनच्या कोमट पाठीवर ठेवते.
दोन मशीन सांभाळते. सात टर्नरांचं काम.
ती शिकाऊ आहे, म्हणून तिला
एकूण कामगारांत धरायचं नाही, असं खाली बारीक अक्षरात दिलंय.

नोव्हेंबरात रहेमतुल्ला हयातीच्या दाखल्यासाठी आला होता.
काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिला.
पोरीनं दार उघडून शाफ्ट हातात दिला.
अंगठा फिरवला. उलटा फिरवला.
काही सापडलं नाही.
‘अन् चुकलं तं शिव्या कोनाले देते मालक?’
‘मलेच,’ ती म्हणाली, आणि दोघं हसले,
मी पण हसले, मग दाखल्यावर शिक्का मारला:
इसम जिवंत आहे.

मागील तिमाहीपेक्षा घट असल्यास कारण.
नैसर्गिक, असं लिहिते. मागल्या खेपेलाही तेच होतं.
उत्पादन? दुप्पट. हेही खरं आहे,
अंगणात रेचे ठेवायला जागा नाही,
माझी गाडी मी आता रस्त्यावर लावते.
रिक्त पदे: शून्य.
एकूण: एकतीस. मला धरून.

हजेरीच्या पानावर छापील ओळी चाळीस.
खालच्या नऊ मोकळ्या सोडता येत नाहीत,
कोणी मागाहून नाव घुसवेल, असं ऑडिटवाले म्हणतात.
म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला
पट्टी लावून त्यांच्यावर तिरपी रेघ मारते.
आज प्रणोती डबा धुवून जाताना टेबलाशी थांबली.
‘मॅडम, माहं वर्ष मार्चमध्ये संपते.’
हो, म्हटलं.
ती पानाकडे पाहत होती.
पट्टी माझ्या हातात होती.
एसटीची वेळ झाली, म्हणून ती गेली.